हॉपालाँग कॅसिडी चित्रमालिका : दर्जा कधी घसरला, कुठे घसरला आणि का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी कोणती?

१९३५ ते १९४८ या काळात अमेरिकेत निघालेले ६६ वेस्टर्न चित्रपट. सगळ्यांत नायक एकच, हॉपालाँग कॅसिडी ऊर्फ हॉपी, आणि सगळ्यांत तो साकारणारा नटही एकच, विल्यम बॉइड. क्लॅरेन्स मलफर्ड या लेखकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे पात्र लिहिले. कथांमधला कॅसिडी रांगडा, शिवराळ, दारू पिणारा आणि लंगडत चालणारा आहे. पडद्यावरचा हॉपी मात्र काळ्या पोशाखातला, पांढऱ्या केसांचा, टॉपर नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसणारा, दारूला न शिवणारा सभ्य माणूस झाला. लंगडण्यापुरते कारण पहिल्या चित्रपटात पायाला गोळी लागून दिले आहे. पुढे ते लंगडणे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

निर्मितीचे तीन टप्पे लक्षात ठेवले की पुढची सगळी चर्चा सोपी होते. हॅरी शर्मन या निर्मात्याचे ४१ चित्रपट पॅरामाउंटने वितरित केले (१९३५ ते १९४१). त्याचेच पुढचे १३ युनायटेड आर्टिस्ट्सने वितरित केले (१९४२ ते १९४४). मग दोन वर्षांचा खंड पडला आणि शेवटचे १२ चित्रपट बॉइडने स्वतःच्या कंपनीतर्फे काढले (१९४६ ते १९४८). त्यांचेही वितरण युनायटेड आर्टिस्ट्सकडेच होते. घसरणीबद्दलचे बहुतेक वाद या शेवटच्या बारांवरून होतात.

कमी खर्चाचा चित्रपट म्हणजे त्या काळी काय?

एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणाऱ्या जोडकार्यक्रमातला दुसरा, साधारण तासाभराचा चित्रपट. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे ६० मिनिटांच्या चित्रपटाला ५,४०० फूट, सहा रिळे. मोठ्या चित्रपटाला चित्रपटगृह तिकीटविक्रीतला टक्का देई. या छोट्या चित्रपटांना बहुधा ठरलेले भाडे मिळे. गर्दी कितीही झाली तरी भाडे तेवढेच. म्हणून उत्पन्नाची मर्यादा आधीच माहीत असे आणि नफा हवा असेल तर खर्चाला कात्री लावण्याखेरीज हातात काही उरत नसे. मालिकेचे पुढे जे झाले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

शर्मनचे चित्रपटही स्वस्तच होते. मग ते चांगले का मानायचे?

कारण शर्मनने पैसा कुठे ओतायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे ठरवलेले होते. त्याचे चित्रपट सुरुवातीला संथ चालतात. पहिली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे बोलणे, संशय, खलनायकाची कारस्थाने, म्हाताऱ्या साथीदाराची कुरकुर, तरुण साथीदाराचे प्रेमप्रकरण. पार्श्वसंगीतही अगदी बेताचे. मग शेवटच्या भागात हॉपीच्या बार-२० रँचचे घोडेस्वार गोळा होतात, संगीत एकदम उसळते आणि खुल्या माळावर लांबच लांब पाठलाग सुरू होतो. सुरुवातीच्या चित्रपटांतला हा शेवट आजही छातीत धडधड निर्माण करतो, कारण तोवर दिग्दर्शकाने काहीच उधळलेले नसते.

हा पाठलाग चित्रित व्हायचा प्रामुख्याने कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळ, अलाबामा हिल्सच्या गोल, तांबूस खडकांमध्ये. मागे सिएरा नेवाडाची बर्फाच्छादित रांग. कर्नव्हिलचा परिसरही बरेचदा दिसतो. लोन पाइन लॉस एंजेलिसपासून सुमारे २०० मैल. म्हणजे सबंध युनिटचा मुक्काम, घोडे, चारा, मोतद्दार, कॅमेरा लावलेली मोटार, सगळा लवाजमा तिकडे न्यावा लागे. डोंगररांग पश्चिमेला असल्यामुळे सूर्य लवकर तिच्यामागे जातो आणि चित्रणाचा दिवस आखूड होतो. शर्मन हा खर्च सोसत असे. खोल्या, दुकाने, तुरुंग यांचे सेट साधे ठेवून तो पैसा बाहेर काढत असे.

मग घसरण नेमकी सुरू कधी झाली?

यावर चार मते ऐकू येतात : १९३९, १९४१, १९४४ आणि १९४६. चारही वर्षांना आधार आहे, पण चारही सारख्या वजनाची नाहीत.

१९३९ मध्ये जॉर्ज 'गॅबी' हेज मानधनाच्या वादातून बाहेर पडला. विंडी हॅलिडे हा त्याचा म्हातारा, बढाईखोर साथीदार मालिकेचा अर्धा जीव होता. 'विंडी' हे नाव शर्मनच्या ताब्यात राहिले, म्हणून हेज रिपब्लिक कंपनीत 'गॅबी' बनून रॉय रॉजर्सबरोबर उभा राहिला. त्याच्या जागी काही काळ ब्रिट वुड 'स्पीडी' म्हणून आला आणि १९४० च्या 'थ्री मेन फ्रॉम टेक्सास'पासून अँडी क्लाइडचा कॅलिफोर्निया कार्लसन स्थिरावला. मधल्या थोड्या चित्रपटांत विनोद पांगळा वाटतो, हे खरे. पण 'थ्री मेन फ्रॉम टेक्सास' हा मालिकेतल्या सर्वोत्तम चित्रपटांपैकी आहे. त्यामुळे १९३९ ला घसरणीची सुरुवात म्हणता येत नाही.

१९४१ मध्ये दहा चित्रपट प्रदर्शित झाले. आधीच्या कोणत्याही वर्षी सातापेक्षा जास्त नव्हते. त्याच वर्षी 'लकी जेन्किन्स' साकारणारा रसेल हेडन 'वाइड ओपन टाउन'नंतर बाहेर पडला आणि पुढच्या पाच चित्रपटांत ब्रॅड किंग आला. इथे थकवा पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. कथेची ठिकाणे बदलून नावीन्य आणायचा प्रयत्न होतो : एकदा वाळवंट, एकदा लाकूडतोड्यांचे जंगल, एकदा माळरानात दडलेली चिनी वस्ती. हाडे जुनीच राहतात.

१९४४ हे शर्मनच्या शेवटच्या हॉपी चित्रपटाचे वर्ष. पण १९४२ ते १९४४ हा काळ आम्ही घसरणीत धरत नाही. वितरक बदलल्यावर चित्रपट आटोपशीर झाले आणि खलनायकांत ताजे चेहरे आले. रॉबर्ट मिचम याच काळात, १९४३ मध्ये, सात हॉपी चित्रपटांत दिसतो. बहुतेकदा दाढी वाढलेला गुंड म्हणून. पुढे दूरचित्रवाणीवर सुपरमॅन झालेला जॉर्ज रीव्ह्जही 'हॉपी सर्व्ह्ज अ रिट', 'बॉर्डर पेट्रोल', 'कोल्ट कॉमरेड्स' यांत आहे. 'द लेदर बर्नर्स'मध्ये खाणीच्या पोटात लपवलेली गुरे हा प्रकार पाहण्यासारखाच आहे.

खरी, मोजता येईल अशी घसरण १९४६ ची. खंड पडण्यापूर्वीचा शेवटचा 'फॉर्टी थीव्ह्ज' (१९४४) आणि खंडानंतरचा पहिला 'द डेव्हिल्स प्लेग्राउंड' (१९४६) लागोपाठ पाहा. फरक पहिल्या वीस मिनिटांतच कळतो.

शर्मनने मालिका का सोडली?

त्याला मोठे चित्रपट काढायचे होते. 'अमेरिकन एम्पायर' (१९४२) आणि 'द कॅन्सन' (१९४३) त्याने हॉपीच्या जोडीनेच काढले होते, पुढे 'रॅमरॉड' (१९४७) आणि 'फोर फेसेस वेस्ट' (१९४८) काढले. या चित्रपटांपुढे वर्षाला पाच-सहा हॉपी हे त्याच्या दृष्टीने ओझेच होते.

दोष दिग्दर्शकाचा का नाही? शेवटचे बाराही एकाच माणसाने केले आहेत.

बाराही चित्रपट जॉर्ज आर्चेनबॉडचे आहेत, हे खरे. पण याच आर्चेनबॉडने शर्मनसाठी 'हॉपी सर्व्ह्ज अ रिट' (१९४३), 'फॉल्स कलर्स' (१९४३), 'टेक्सास मॅस्करेड' (१९४४) आणि 'मिस्टरी मॅन' (१९४४) केले होते, आणि ते चांगले आहेत. दिग्दर्शक तोच, नायक तोच, विनोदी साथीदार अँडी क्लाइडही तोच. तरीही 'टेक्सास मॅस्करेड' चपळ आहे आणि 'सायलेंट कॉन्फ्लिक्ट' (१९४८) जागेवर बसून राहतो. म्हणजे कारण माणसांच्या कौशल्यात नाही, त्यांना मिळालेल्या साधनांत आहे. मालिकेतले सर्वाधिक, २८ चित्रपट करणाऱ्या लेस्ली सेलँडरला शेवटच्या बारांचे काम दिले असते तरी फार फरक पडला असता असे आम्हाला वाटत नाही.

एक बदल मात्र नजरेत भरतो. शर्मनच्या काळातले बहुसंख्य चित्रपट रसेल हार्लनने टिपले. पुढे 'रेड रिव्हर' आणि 'रिओ ब्राव्हो' टिपणारा तोच हा छायालेखक. खडकांच्या कडेवरून उतरणारे घोडेस्वार, धुळीतून येणारा तिरपा प्रकाश, समोर सावलीतला दगड आणि मागे उन्हातली टोळी, ही त्याची सही. शेवटच्या बारांचे छायालेखन मॅक स्टेंग्लरचे. त्याचे काम स्वच्छ आहे, पण प्रकाश सपाट. घाईच्या वेळापत्रकात दुसरे काही करणे अवघडच होते.

पैसा कमी झाला म्हणजे पडद्यावर नेमके काय कमी होते?

साधा हिशेब मांडून पाहू. तीन मिनिटांचा पाठलाग घ्या, म्हणजे १८० सेकंद. त्यात दर चार-पाच सेकंदांनी चित्र बदलत असेल तर ३६ ते ४५ वेगवेगळे तुकडे लागतात. प्रत्येक तुकड्यासाठी घोडे मूळ जागी परत न्यायचे, धूळ बसू द्यायची, कॅमेऱ्याची मोटार मागे घ्यायची, ढग सरकेपर्यंत थांबायचे. एखादा घोडा बिचकला की पुन्हा पहिल्यापासून. याउलट तीन मिनिटांचा संवाद एका खोलीत तीन-चार कॅमेरास्थानांत आटोपतो : एकदा सगळे मिळून, मग याचा चेहरा, मग त्याचा चेहरा.

म्हणून चित्रणाचे दिवस कमी झाले की सर्वात आधी घोडदौड जाते आणि तिची जागा खोलीतले बोलणे घेते. त्यामागोमाग इतर गोष्टी जातात, साधारण याच क्रमाने. घोडेस्वारांची संख्या घटते. बार-२० च्या तीस-चाळीस स्वारांच्या जागी हॉपी आणि त्याचे दोन साथीदार एवढेच उरतात. गावातला रस्ता ओस पडतो, कारण मागे ये-जा करणाऱ्या प्रत्येक माणसाला दिवसाची मजुरी द्यावी लागते. मग बोलणारी पात्रे घटतात. चुकलेले वाक्य पुन्हा घेणे बंद होते आणि अडखळणारा नट तसाच पडद्यावर जातो. सगळ्यात शेवटी कथाच अशी निवडली जाते की बाहेर जायची गरज पडू नये.

'द मॉरॉडर्स' (१९४७) हे याचे सर्वात स्पष्ट उदाहरण. ओसाड गावातले एक जुने चर्च, पावसाळी रात्र, आत अडकलेली माणसे. चित्रपटाचा मोठा भाग त्या एका इमारतीत घडतो. सुरुवातीचा काळोख आणि पाऊस खरोखर परिणामकारक आहे, पण ती कल्पना वीस मिनिटे पुरेल इतकीच आहे. ओढूनताणून ती तासभर चालवली आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. शर्मनची घडण 'संथ सुरुवात, मग स्फोट' अशी होती. शेवटच्या बारांनी संथ सुरुवात ठेवली आणि स्फोट काढून टाकला. दुसऱ्या स्वस्त मालिकांत दर दहा मिनिटांनी मारामारी असते, त्यामुळे शेवट फुसका निघाला तरी प्रेक्षक आधीच काहीतरी घेऊन बसलेला असतो. हॉपीच्या चित्रपटात सगळी उधारी शेवटावर असते. शेवटी फेड झाली नाही की आधीची चाळीस मिनिटेही वाया गेल्यासारखी वाटतात. म्हणूनच इतर मालिकांपेक्षा इथली घसरण जास्त बोचते.

युद्धानंतर एकदम खर्च का परवडेना?

मजुरी, लाकूड, वाहतूक, चारा सगळेच महागले आणि ठरलेले भाडे त्या मानाने वाढले नाही. प्रेक्षकांची संख्या १९४६ मध्ये शिखरावर होती, १९४७ पासून ती उतरू लागली. शिवाय शर्मन एकाच वेळी अनेक चित्रपटांचे काम फिरवत असे, तर बॉइडच्या कंपनीकडे हॉपीशिवाय दुसरे काही नव्हते. शेवटच्या बारांचा निर्माता ल्युइस रॅचमिल अनुभवी होता. पण अंथरूणच इतके लहान होते की पाय पोटाशी घ्यावेच लागले.

बॉइड म्हातारा झाला, हे कारण कितपत खरे?

फारसे नाही. त्याचा जन्म १८९५ चा. म्हणजे पहिल्या चित्रपटात तो चाळिशीत होता आणि शेवटच्यात त्रेपन्न वर्षांचा. त्याचे केस आधीपासूनच पांढरे होते, त्यामुळे वय पडद्यावर फारसे वाढलेले दिसत नाही. अवघड घोडेस्वारीला आणि मारामारीला सुरुवातीपासूनच डुप्लिकेट होते. उलट शेवटच्या बारांत सगळ्यात टिकून राहिलेली गोष्ट बॉइडच आहे : ते मनमोकळे हसणे, खलनायकाशी बोलताना आवाज खाली आणण्याची लकब. कुठल्याही चित्रपटात त्याने पाट्या टाकल्या आहेत असे म्हणता येणार नाही.

तरुण साथीदार सतत बदलत गेला. त्याचा परिणाम किती?

बराच. जेम्स एलिसनचा जॉनी नेल्सन (१९३५ ते १९३७) उतावळा आणि भांडखोर होता, त्याला सांभाळताना हॉपीला काहीतरी करायला मिळे. रसेल हेडनचा लकी (१९३७ ते १९४१) मुलीच्या मागे वेडा, पण बंदुकीला पक्का. त्यानंतर ब्रॅड किंग, जे कर्बी, एका चित्रपटापुरता जॉर्ज रीव्ह्ज आणि विल रॉजर्स यांचा मुलगा जिमी रॉजर्स असे चेहरे फिरत राहिले. कुणालाही पात्र म्हणून उभे राहायला वेळ मिळाला नाही. शेवटच्या बारांत रँड ब्रुक्स आहे, 'गॉन विथ द विंड'मधला स्कार्लेटचा पहिला नवरा. नट वाईट नाही, पण त्याच्या लकीला लेखकांनी जवळजवळ दर वेळी एकच काम दिले : संकटात सापडणे.

कथा परत परत वापरल्या का?

हो, आणि तेही घसरणीच्या खूप आधीपासून. 'वाइड ओपन टाउन' (१९४१) ही 'हॉपालाँग कॅसिडी रिटर्न्स'ची (१९३६) नवी आवृत्ती, दोन्हींत टोळीची म्होरकी असलेली सलूनवाली (दारूच्या गुत्त्याची मालकीण) साकारणारी नटीही एकच, एव्हलिन ब्रेंट. 'लॉस्ट कॅन्यन' (१९४२) ही 'रसलर्स व्हॅली'ची (१९३७) नवी आवृत्ती. जुनी कथा घेणे हा दोष नव्हे. १९३६ च्या चित्रपटात चाकाच्या खुर्चीतल्या संपादकाचा खून ज्या निर्दयतेने होतो आणि त्या बाईला हॉपीबद्दल वाटणारी ओढ ज्या गांभीर्याने हाताळली आहे, ते पाच वर्षांनी सौम्य झाले. मुलांचा प्रेक्षकवर्ग वाढला तशी धार बोथट होत गेली. हा बदल पैशाचा नव्हे, आणि तो १९४६ च्या आधीचा आहे.

शेवटचे बारा एकेक करून कसे आहेत?

'द डेव्हिल्स प्लेग्राउंड' आणि 'फूल्स गोल्ड' (दोन्ही १९४६) : नव्या घडीचे पहिले दोन. खोट्या सोन्याच्या धंद्यावरचा दुसरा त्यातल्या त्यात बांधीव आहे.

१९४७ चे चार. 'अनएक्स्पेक्टेड गेस्ट'मध्ये रँचच्या वारसांचे खून होत जातात. वेस्टर्नपेक्षा रहस्यकथाच ती, आणि तशी पाहिली तर बरी वाटते. 'डेंजरस व्हेंचर'मध्ये हरवलेल्या जमातीच्या शोधातली मोहीम आहे. कल्पना मोठी, साधने तुटपुंजी, आणि ती तफावत झाकता आलेली नाही. 'द मॉरॉडर्स' वर आलाच आहे. 'हॉपीज हॉलिडे'मध्ये गावचा उत्सव आणि बँकेवरचा दरोडा. यात मोटारगाडी येते, हे वेगळेपण आहे, पण उत्सवाला माणसेच नाहीत.

१९४८ चे सहा. 'सायलेंट कॉन्फ्लिक्ट'मध्ये भोंदू डॉक्टर लकीला संमोहित करतो. बाहेर काही घडवायला पैसे नसले की कथा माणसाच्या डोक्यात शिरते, ती इथे शिरली आहे. 'द डेड डोन्ट ड्रीम' या सहांतला सर्वात चांगला : लकीच्या लग्नाच्या वेळी हॉटेलात खून होतो आणि बंद खोल्यांचे वातावरण कथेलाच साजते. 'सिनिस्टर जर्नी' रेल्वेभोवती फिरतो. 'बॉरोड ट्रबल'मध्ये शाळा आणि दारूचा गुत्ता यांचा झगडा. 'फॉल्स पॅराडाइज' विसरण्याजोगा. 'स्ट्रेंज गॅम्बल' हा मालिकेचा शेवट, आणि तो शेवट आहे असे त्यातल्या कुठल्याही दृश्यावरून जाणवत नाही.

स्वतः तुलना करायची असेल तर कशी करावी?

चार चित्रपट पुरतात : 'हॉपालाँग कॅसिडी रिटर्न्स' (१९३६), 'वाइड ओपन टाउन' (१९४१), 'टेक्सास मॅस्करेड' (१९४४) आणि 'सायलेंट कॉन्फ्लिक्ट' (१९४८). पहिल्या जोडीत कथा तीच राहते, दुसऱ्या जोडीत दिग्दर्शक तोच राहतो.

पाहताना कागदावर चार आकडे टिपा. एक, खुल्या जागेतली एकूण मिनिटे. छताखालचे आणि स्टुडिओतले रस्ते यात धरू नका. दोन, शेवटचा पाठलाग सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ. तीन, एका चौकटीत दिसलेले जास्तीत जास्त घोडेस्वार. चार, किमान दोन वाक्ये बोलणारी पात्रे. कथेबद्दलचे मत हे आकडे टिपून झाल्यावर बनवा. आधी मत बनवले की आकडे त्याच्या बाजूने वाकतात.

एकच पथ्य : चारही प्रती पूर्ण लांबीच्या असल्या पाहिजेत.

प्रत पूर्ण लांबीची आहे की नाही, कसे ओळखायचे?

इथे पुष्कळ जण फसतात. शर्मनचे ५४ चित्रपट दूरचित्रवाणीच्या तासाभराच्या जागेत बसवण्यासाठी कापून ५३-५४ मिनिटांचे केले गेले. 'बॉर्डरलँड' (१९३७) मूळ ८२ मिनिटांचा आहे, म्हणजे त्यातला जवळपास तिसरा हिस्सा जातो. कात्री लागते ती प्रामुख्याने संथ भागाला, आणि तो गेला की शेवटचा पाठलाग निराधार होतो. अशा प्रती पाहून 'शर्मनचेही काही खास नाहीत' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतीची एकूण लांबी आधी पाहा. १९३६-३७ चा चित्रपट ५४ मिनिटांच्या आसपास संपत असेल तर तो कापलेला समजा. पॅरामाउंट काळातल्या चित्रपटाच्या सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह नसेल आणि नामावलीची अक्षरे चित्रपटाच्या काळाशी जुळत नसतील तर शंका घ्या. साथीदार एखाद्या दृश्यात जखमी दिसतो पण जखम होताना दिसत नाही, किंवा गाण्याची पहिली ओळ ऐकू येऊन दृश्य बदलते, या तर कात्रीच्या सरळ खुणा.

शेवटच्या बारांची गत आणखी वाईट. १९५० च्या दशकातल्या अर्ध्या तासाच्या दूरचित्रवाणी मालिकेचे ५२ भाग आहेत. त्यांपैकी ४० नव्याने चित्रित केलेले, एडगर ब्युकॅननबरोबरचे. उरलेले १२ हे याच बारा चित्रपटांना निम्म्याहून अधिक कापून केलेले आहेत. साथीदार म्हणून ब्युकॅननऐवजी अँडी क्लाइड आणि रँड ब्रुक्स दिसले तर तुम्ही चित्रपटाचा तुकडा पाहत आहात.

चित्रपट सर्वात कमकुवत असतानाच हॉपी सर्वात लोकप्रिय कसा झाला?

कारण लोकांनी पाहिले ते बहुतांशी जुने चित्रपट. बॉइडने रँच विकून आणि कर्ज काढून पात्राचे आणि जुन्या चित्रपटांचे हक्क मिळवले. रक्कम सुमारे साडेतीन लाख डॉलर सांगितली जाते. १९४९ च्या जून महिन्यात ते चित्रपट एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीवरून दिसू लागले आणि १९५० मध्ये हॉपीचे चित्र असलेला डबा घेऊन मुले शाळेत जाऊ लागली. घराघरांत जे पोचले ते लोन पाइनचे खडक, हार्लनचा प्रकाश आणि विंडीच्या थापा होत्या. म्हणजे शर्मनने दहा-बारा वर्षांपूर्वी खर्च केलेला पैसा तेव्हा वसूल झाला. शेवटचे बारा चित्रपटही त्याच लाटेत तरून गेले.

दुसऱ्या मालिकांचेही असेच झाले का?

घसरण झाली, पण वाटा वेगळ्या. रिपब्लिकच्या 'थ्री मेस्किटीअर्स' मालिकेत (५१ चित्रपट, १९३६ ते १९४३) तिघे नायकच बदलत राहिले. जॉन वेन त्यांतल्या आठांत आहे. कोलंबियाच्या 'डुरँगो किड' मालिकेत (१९४५ ते १९५२) चार्ल्स स्टॅरेट शेवटपर्यंत टिकला, पण शेवटी शेवटी स्वतःच्याच जुन्या चित्रपटांतली घोडदौड आणि मारामारी काढून नव्यात जोडली जाऊ लागली. ते ओळखायचे असेल तर टोपीच्या कडा, घोड्याचे खोगीर आणि सावलीची दिशा पाहा. एकाच पाठलागात ती दोनदा बदलते. हॉपीच्या शेवटच्या बारांत हा जोडकामाचा रोग त्या प्रमाणात नाही. तिथे जे नाही ते नाहीच, उसने आणून दाखवलेले नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठून करावी? शेवटचे बारा टाळावेत का?

'हॉप-अलाँग कॅसिडी' (१९३५) पासून क्रमाने जाण्याचा मोह टाळा. ६६ चा रतीब लावला की विसाव्या चित्रपटापर्यंत चव जाते. 'थ्री मेन फ्रॉम टेक्सास'ने सुरुवात करा, मग 'हॉपालाँग कॅसिडी रिटर्न्स', मग 'बॉर्डरलँड'ची पूर्ण प्रत, मग मिचमचे दोन-तीन. त्यानंतर शेवटच्या बारांतले 'द डेड डोन्ट ड्रीम' आणि 'अनएक्स्पेक्टेड गेस्ट' हे दोनच पाहा, आणि तेही खुनाची रहस्यकथा म्हणून. लागोपाठ पाहू नका. दोघांत एखादा शर्मनचा चित्रपट ठेवा. 'द मॉरॉडर्स'ची पहिली वीस मिनिटे पाहून थांबलात तरी चालेल.